मैनाबाईची भिंत

"तुमचा बँड प्रोग्राम का करत नाही हो?" असं कोणी विचारलं की घसा बसलाय म्हणून सांगतो. मी गात नाही, गिटार वाजवतो; पण विचारणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. उत्तर त्याला किती हवं होतं ते तिथंच कळतं. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते सांगायचा मला कंटाळा आहे. एकदाच सांगतो.

आम्ही चौघं. मी गौरांग, अमरावतीचा, वकिलाच्या घरात जन्मून अशिलांऐवजी अँप्लिफायर सांभाळत बसलेला. मैथिली गाणारी. तिचे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे आणि आपली मुलगी रॉक गाते हे पाहुण्यांना सांगताना 'सुगम संगीत' म्हणायचे. बंडू ड्रमवर. आणि अकोल्याचा शाहनवाज बास गिटारवर. कॉलेजात जमलो, बँडचं नाव ठेवलं 'पऱ्हाटी'. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. गाणी आमची स्वतःची, वऱ्हाडीत. पुण्याच्या एका पाहुण्यानं ती ऐकून "हे भांडण आहे की गाणं?" असं विचारलं होतं. दोन्ही होतं.

तीन-चार वर्षं आम्ही गावोगाव फिरलो. काळीपिवळी जीपच्या टपावर ड्रम बांधायचे, गिटार मांडीवर घ्यायची, आणि मांडीवर जागा नसेल तर शेजारच्याच्या मांडीवर. गणपती, नवरात्र, हिवाळ्यातली गॅदरिंगं. दिवसाकाठी निम्मा वेळ लाईन नसायची, म्हणजे जनरेटर आला. जनरेटर आला म्हणजे मी तारेला हात लावायच्या आधीच अँप्लिफायर घोरायला लागायचा. साऊंडवाला मैथिलीच्या आवाजाला एवढा इको लावायचा की तिचा शब्द वेशीपर्यंत जाऊन परत यायचा, तोवर ती पुढच्या ओळीत. आमचं एक गाणं झालं की स्टेजवर फर्माइशीच्या चिठ्ठ्या. त्यात आमचं एकही गाणं नसायचं. धामणगावच्या बाजूला एकानं तर मला खाली बोलावून विचारलं, "भाऊ, हे टेस्टिंग कवा संपते?" आम्ही चार गाणी वाजवून झालो होतो.

हे सगळं मी सहन केलं असतं. कुरकुर केली असती, पण केलं असतं. वाजवणाऱ्याच्या नशिबी हे असतंच. जे सहन झालं नाही ते वेगळंच होतं.

त्या वर्षांत आमच्या भागात एक रीत पडली होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आरती, पाहुण्यांचे हारतुरे, आणि मग श्रद्धांजली. गावातलं, नाहीतर शेजारच्या गावातलं कोणीतरी गेलेलं असायचं. कसं गेलं ते कोणी सांगायचं नाही, आम्ही विचारायचो नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात असं विचारायची गरज पडत नव्हती. निवेदक माईकवर म्हणायचा, सर्वांनी आपापल्या जागी उभं राहून दोन मिनिटं शांत राहावं. सगळं गाव उभं राहायचं. बायका डोक्यावर पदर घ्यायच्या, माणसं टोप्या काढायची, मांडीवरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. आणि स्टेजवर आम्ही, गळ्यात गिटारी अडकवून, माना खाली घालून. मग निवेदक म्हणायचा, "ओम शांती! आणि आता आपल्या भेटीला येत आहे अमरावतीचा धमाकेदार बँड..." की बंडूनं काड्या वाजवून 'एक, दोन, तीन, चार' करायचं.

दर्यापूरकडच्या एका गावात पहिल्या रांगेतला एक म्हातारा 'ओम शांती' झाल्यावरही खाली बसला नाही. टोपी हातात, मान खाली. आम्ही सुरू झालो. त्याच्या मागचे लोक बसले, पोरं नाचायला लागली, हा उभाच. कोणीतरी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं तेव्हा आमचं तिसरं गाणं चाललं होतं. मी वाजवत होतो, पण काय वाजवलं ते मला आजही आठवत नाही. म्हाताऱ्याची टोपी आठवते. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, पुन्हा स्टेजवर चढायचं नाही.

मैथिलीला ते पटलं नाही. राजकमल चौकाजवळ गिला वडा खाता खाता आमचं जोरदार वाजलं.

"तुले कंटाळा आला म्हणून सांग ना सरळ," ती म्हणाली.

"आलाच आहे. तुले नाही येत?"

"मले घरी बसून राह्याचा कंटाळा येते."

"त्या म्हाताऱ्यापुढे गातांनी काहीच नाही वाटलं तुले?"

"वाटलं ना. मले वाटलं, बसला बाप्पा एकदाचा. लोक उभं राहू राहू थकले आहेत, गौरांग. ते आपल्याकडे बसाले येतात."

मी म्हटलं, हे वाक्य छान आहे, गाण्यात टाक. ती चिडली. वड्याची प्लेट अर्धी टाकून उठली आणि जाता जाता सांगून गेली की तुळशीचं लग्न झालं की ती एका ऑर्केस्ट्रासोबत निघणार आहे, हिवाळाभर, गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत. तोवर आपली रेकॉर्डिंगं काय व्हायची ती करून घे.

मला हेच हवं होतं आणि हेच नको होतं. आमची पाच गाणी कशीबशी रेकॉर्ड झाली होती. सहावं, मैथिलीनं स्वतः लिहिलेलं, बाकी होतं: फाट्यावर न थांबता निघून जाणाऱ्या एस्टीवरचं. सगळ्यात मोठ्या आवाजाचं आमचं गाणं, पण शेवटच्या कडव्यात सगळी वाद्यं थांबतात आणि ती एकटी, जवळजवळ कुजबुजत गाते. तेवढं कडवं झालं की काम संपलं. नाही झालं तर चार वर्षं आम्ही काय केलं त्याची खूण म्हणून माझ्याकडे फक्त पाठीचं दुखणं राहणार होतं. मैथिली गेल्यावर 'पऱ्हाटी' संपणार हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. कोणी बोलत नव्हतं इतकंच.

आता आमच्या स्टुडिओबद्दल. शाहनवाजचे वडील अय्युबचाचा हे पिंजारी. अकोल्यात ताजनापेठेत त्यांचं गाद्यांचं दुकान. लोक आपल्या घरचा कापूस सरकी काढून त्यांच्याकडे आणतात, चाचा तो मशीनवर पिंजतात आणि गाद्या, रजया, उशा शिवून देतात. हातानं कापूस पिंजायची जुनी कमान अजून दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. लहानपणी शाहनवाज तिची तात ओढून मार खायचा, आणि बास गिटार हातात आल्यावर त्यानं पहिल्यांदा तोच आवाज काढला. दुकानामागे तयार माल ठेवायची एक लांबट खोली आहे. तिथं शाहनवाजनं भिंतींना पाइप ठोकले आणि तयार गाद्या त्यावर टांगल्या. रस्त्यावरचे ऑटो, शेजारचं वेल्डिंग, सगळं गादीत जिरून जायचं. एक कॉम्प्युटर, दोन माईक, हेडफोन. झाला स्टुडिओ.

प्रत्येक गादीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिंधी टाचलेली असायची. त्यामुळे आमची भाषाच तशी झाली. "माईक खुशालरावकडे सरकव." "अँप्लिफायर पार्वताबाईच्या खाली ठेव." गाणाऱ्याच्या मागची भिंत सगळ्यात जाड, दोन जाडजूड गाद्या आणि चार रजया, सगळं एकाच बाईचं. ती मैनाबाईची भिंत. तिच्यापुढे उभं राहून बोललं तर आवाज तोंडातून निघून थेट माईकमध्ये पडायचा, इकडे तिकडे कुठे जायचाच नाही. मैथिली म्हणायची की तिथं गाताना कोणीतरी तोंडावर उशी धरल्यासारखं वाटतं. मला त्याच आवाजाचं वेड लागलं होतं. तिथं जनरेटर नव्हता, निवेदक नव्हता. चुकलं तर पुन्हा वाजवता येत होतं. समोर कोणी उभं नव्हतं. खरं सांगायचं तर हे शेवटचंच कारण होतं, बाकीची मी लोकांना सांगायला जमवली होती.

एकच अडचण. गादी गेली की खोलीचा आवाज बदलायचा. पहिल्या वर्षी लग्नसराईत एकदा निम्मी भिंत एका सकाळीत उठून गेली आणि आमचं अर्धं गाणं एका खोलीतलं, अर्धं दुसऱ्या खोलीतलं वाटायला लागलं. तेव्हापासून मी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडून अकोल्याला आलो की आधी दुकानात डोकावायचो आणि विचारायचो, "चाचा, आज कोणी आलं होतं का गाद्या न्यायला?"

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या साली, चाचांचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच. "नाही रे बेटा."

खोली भरत गेली. भिंतीला जागा उरली नाही तेव्हा शाहनवाजनं छताला रजया बांधल्या. आवाज असा सुरेख झाला की मी न राहवून चाचांना म्हटलं, "चाचा, असा स्टुडिओ पुण्या-मुंबईलेही नसंन."

चाचा सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हणाले, "तुले अच्छा वाटते, ते ठीक आहे. पण ही लगनाची गादी आहे बेटा. ती दुकानात पडून राहिली म्हणजे कोन्या तरी पोरीचं लगन अडलं. मी तं रोज दुवा मांगतो का तुही खोली खाली होऊ दे."

मी हसलो आणि आत गेलो. ऐकून घेतलं आणि हेडफोन लावला, असं म्हणा ना.

सगळ्यात आधी बंडूनं दगा दिला, त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्या पावसाळ्यानंतर अर्ध्या वऱ्हाडाला चिकनगुनियानं धरलं होतं. माणसं सकाळी खाटेवरून उठायला भिंतीचा आधार घ्यायची. बंडूची बोटं काडीवर मिटत नव्हती. कसेबसे ड्रम वाजवून झाले. मग माझी गिटार, मग बास. मैथिलीची सगळी कडवी झाली. राहिलं फक्त शेवटचं. तीन दिवस ती मैनाबाईच्या भिंतीपुढे उभी राहून ते गात होती आणि तीनही दिवस मी म्हणत होतो, पुन्हा.

सूर चोख होता. शब्द स्वच्छ. पण त्यात ती नव्हती. फाट्यावर उभी राहिलेली ती बाई, जिची एस्टी निघून गेली, ती कुठेच नव्हती.

"कोणाले सांगू मी हे?" मैथिली वैतागून म्हणाली. "गादीले?"

"माईकले सांग."

"माईकले कुठी जायचं असते का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली तेव्हा हे असं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ऑर्केस्ट्राच्या गाडीत बसायचं होतं. आम्ही अंधाऱ्या, गरम खोलीत घाम पुसत बसलो आणि तेवढ्यात दुकानातून बाईमाणसाचा आवाज आला.

"अय्युबभाऊ, मायावाल्या गाद्या देता ना?"

मी हेडफोन गळ्यात तसाच ठेवून बाहेर आलो. उन्हानं रापलेली, पन्नाशीची बाई, हातात पिशवी, मागे तिची मुलगी. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला तेव्हाच कळलं.

"हे मैनाबाई," चाचा म्हणाले. "चोहोट्ट्याकडच्या."

इतके महिने ते माझ्या लेखी एका भिंतीचं नाव होतं. भिंत चपला काढून आत आली आणि पाणी मागितलं.

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. आजच यायचं होतं हिला! मी चाचांना बाजूला घेतलं. "उद्या द्या ना, चाचा. एकच दिवस."

"मालकीण समोर उभी आहे," चाचा म्हणाले. "तिले विचार."

मी विचारलं. "मावशी, उद्या नेल्या तर नाही चालणार?"

मैनाबाई चिडली नाही. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवत म्हणाली, "उद्या उद्या करत दोन डाव झाले, बाबू. पह्यल्या डावाले कापसानं दगा देला. दुसऱ्या डावाले घरच्या साऱ्याइचे हातपाय धरले. आता परवा हळद आहे सिंधूची. पोरगं भलं, थांबलं बिचारं. अजून किती थांबवू?"

सिंधू खाली बघत होती. मी आत गेलो आणि मैनाबाईच्या भिंतीची दोरी सोडायला लागलो. शाहनवाज दुसऱ्या टोकाला आला. लग्नाची गादी म्हणजे चांगलंच वजन असतं. आम्ही दोघांनी ती खांद्यावर घेऊन बाहेर ओट्यावर चादर टाकून ठेवली, मग दुसरी, मग रजया. परत आत आलो तर मागची भिंत उघडी पडली होती, पोपडे आलेली, निळा चुना. शाहनवाजनं टाळी वाजवून पाहिली. टाळी परत आली.

"संपलं," मी म्हटलं. मला रडू येईल असं वाटत होतं, म्हणून जरा रागानंच म्हटलं.

गाद्या न्यायला टेम्पो यायचा होता, तो बाजारात भांडी घेत अडकला होता. बाहेर ऊन. मैथिली दारात जाऊन म्हणाली, "मावशी, आत येऊन बसा. सिंधू, ये वं." दोघी आत आल्या आणि सतरंजीवर, उघड्या भिंतीखाली टेकल्या. मैनाबाई टांगलेल्या गाद्यांवरच्या चिंध्या बघत राहिली. एका चिंधीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे पार्वताबाई मायी मामेबहीण होय. तिच्याही पोरीचं अडून आहे."

लाईन आली. पंखा फिरला, कॉम्प्युटर सुरू झाला.

"एक डाव म्हणते," मैथिली म्हणाली. "जसं होईन तसं."

मला माहीत होतं की हे फुकट आहे. भिंत नाही, आवाज घुमणार, आधीच्या कडव्यांशी मेळ बसणार नाही. पण तिला उद्या जायचं होतं. मी पंखा बंद केला, माउसवर हात ठेवला आणि सवयीनं सगळ्यांना सांगितलं, "आता सगळ्यांनी शांत राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका."

मैनाबाई उभी राहिली.

तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटले. तिचं पाहून सिंधूही उभी राहिली. हळदीला दोन दिवस राहिलेली मुलगी, मान खाली घालून, हात जोडून.

शाहनवाजनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहत होतो आणि मला स्क्रीन दिसत नव्हता. ज्या दोन मिनिटांपासून पळून मी या खोलीत लपलो होतो, ती माझ्या मागोमाग अकोल्याला आली होती. आणि या वेळी निवेदक मीच होतो.

मैथिलीनं हेडफोन काढला. ती मैनाबाईजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, बसा. तसलं नाही हे."

मैनाबाईनं डोळे उघडले. "कोन गेलं?"

"कोणीच नाही गेलं. गाणं आहे नुसतं."

"बाई बाई!" मैनाबाई म्हणाली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसले. "असं कोनी म्हनलं का आपोआप उभंच होते मानूस. सवयच लागली व."

"बसा ना मग," मैथिली म्हणाली. "निवांत बसा. सिंधू, तूही बस."

दोघी बसल्या. मैनाबाईनं पाय लांब केले आणि गुडघे चोळत भिंतीला पाठ टेकली. मैथिलीनं हेडफोन पुन्हा लावलाच नाही. माईककडे तोंड केलं, पण बघत त्या दोघींकडे होती. आणि गायली. कुजबुजली नाही. फाट्यावर शेजारी बसलेल्या बाईला सांगावं तसं सांगितलं, की एस्टी गेली, धूळ राहिली, आता बसू या थोडं. घरी जायची घाई कोणाला आहे? आवाज निळ्या भिंतीवर जाऊन परत येत होता, घुमत होता. माझा हात पुसून टाकायच्या बटणावर होता. तो मी काढून घेतला.

शेवटची ओळ संपली. मग बांगड्या वाजल्या आणि मैनाबाई हळूच म्हणाली, "झालं? आता उठू?"

"नका उठू," मी म्हटलं. "बसा."

हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे. बांगड्या, "आता उठू?", माझं "बसा", आणि मागून टेम्पोचा हॉर्न. शाहनवाजनं ते काढून टाकायचं ठरवलं तेव्हा मी त्याच्याशी भांडलो. ज्याला कान आहे त्याला कळतं की आधीची सगळी कडवी एका खोलीत गायली आहेत आणि शेवटचं दुसऱ्याच. कळू दे.

टेम्पोत गाद्या मी चढवल्या. सिंधू पुढे ड्रायव्हरजवळ बसली, मैनाबाई मागे, आपल्या शेतातल्या कापसाच्या गादीवर, पिशवी मांडीवर घेऊन. दुसऱ्या दिवशी मैथिलीही गेली. मी बसस्टँडवर पोचवायला गेलो होतो. "चाल ना," ती म्हणाली. मी नाही म्हणालो. अजूनही मला ते जमत नाही. मांडवातली माणसं उभी राहिली की मला त्या म्हाताऱ्याची टोपी दिसते. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "ठीक आहे. कोणीतरी खोलीत बसणारंही लागते."

मी खोलीतच बसतो. शाहनवाजसोबत लहानसहान कामं करतो, जाहिराती, भजनं, एखादं लग्नाचं गाणं. रोज दुपारी लाईन यायची वाट पाहतो. पार्वताबाईची भिंत अजून आहे, खुशालरावचा कोपरा आहे, छताला बांधलेल्या रजया तशाच आहेत. पॅसेंजरमधून उतरून आलो की आधी दुकानात डोकावतो आणि अय्युबचाचांना तेच विचारतो, "आज कोणी आलं होतं का गाद्या न्यायला?"

पूर्वी ते 'नाही' म्हणाले की मला बरं वाटायचं.